चावी आत, आपण बाहेर : कुलपाचा छंद आणि अडकलेलं दार

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात गोव्यातल्या फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांत एक प्रसंग हमखास घडतो. पर्वरीला नाहीतर वास्कोला फ्लॅटमध्ये राहणारं कुटुंब गावच्या मूळ घरी येतं. गाडीतून माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचं सामान, पाट, समया उतरतात आणि सगळी मंडळी दाराशी येऊन थबकतात. चावी तीच, कुलूप तेच, पण चावी काही फिरत नाही. कोणी शेजारी खोबरेल मागायला जातं, कोणी दगड शोधतं. तेवढ्यात एखादा पुतण्या मोबाईल काढतो. "काका, थांबा जरा. मी व्हिडिओ बघितलाय. दोन तारा घातल्या की अर्ध्या मिनिटात उघडतं."

पुतण्याने बघितलेला व्हिडिओ खोटा नसतो. त्यातलं कुलूप खरंच अर्ध्या मिनिटात उघडतं. फक्त ते कुलूप दुसऱ्या जातीचं असतं, स्वच्छ असतं, आणि टेबलावर व्हाइसमध्ये घट्ट धरलेलं असतं. काकांच्या हातातल्या कुलपाने जूनपासूनचा सगळा पाऊस अंगावर घेतलेला असतो. कुलूप उघडण्याचा छंद आणि दाराबाहेर अडकून पडणं, या दोन गोष्टी लोक एकाच तागडीत तोलतात. प्रत्यक्षात त्यांचा संबंध थोडा आडवळणाचा आहे. छंदामुळे अडकलेलं दार उघडता येईलच असं नाही. पण कुलूप आतून कसं चालतं हे एकदा कळलं, की अडकल्यावर काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही, हे पटकन सुचतं. तेव्हा आधी कुलपाच्या पोटात शिरू.

पिनांचं कुलूप

फ्लॅटच्या मुख्य दाराला, नाईट लॅचला, ऑफिसच्या ड्रॉवरला हल्ली बहुतेक करून पिनांचं कुलूप असतं. ओळखायची खूण म्हणजे चावी: चपटी आणि एका कडेला करवतीसारखी वर-खाली कापलेली. आत पितळेचा एक ठोकळा, आणि त्याच्यात गोल फिरणारा पितळेचाच दंडगोल. चावी शिरते ती या दंडगोलात. त्याला आपण गाभा म्हणू. ठोकळ्यातून गाभ्यापर्यंत वरून खाली पाच-सहा बारीक भोकं पाडलेली असतात. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि त्यांच्या डोक्यावर एक चिमुकली स्प्रिंग. चावी नसते तेव्हा स्प्रिंगच्या दाबाने वरची पिन अर्धी ठोकळ्यात आणि अर्धी गाभ्यात अशी अडकून बसते. तीच गाभ्याला फिरू देत नाही.

बरोबर चावी घातली की तिच्या खाचांवर खालच्या पिना बसतात. खाच जेवढी खोल, तेवढीच तिथली पिन लांब, त्यामुळे खालच्या आणि वरच्या पिनेमधला सांधा पाचही ठिकाणी गाभ्याच्या कडेशी, एका रेषेत येतो. वरच्या पिना वर, खालच्या खाली, मध्ये आडवं काही नाही. गाभा फिरतो. चुकीच्या चावीने एक जरी पिन अर्धा मिलिमीटर वर किंवा खाली राहिली तरी तो फिरत नाही.

प्राचीन इजिप्तमध्ये याच तत्त्वावर लाकडी खुंट्यांची मोठमोठी कुलपं करत. अमेरिकेत लायनस येल या कारागिराने १८४८ मध्ये पिनांच्या कुलपाचं पेटंट घेतलं. पुढे १८६०च्या दशकात त्याच्या मुलाने, त्याचंही नाव लायनस येलच, ते लहान केलं आणि चपटी चावी आणली. आज आपल्या खिशात आहे ती थोड्याफार फरकाने तीच.

आता गणित. पाच पिना आणि प्रत्येक पिनेला समजा सहा वेगवेगळ्या उंच्या शक्य आहेत. म्हणजे सहाचा पाचदा गुणाकार, ७,७७६ चाव्या. एवढ्या चाव्या कोणी करून बघत बसणार नाही, आणि कुलपाची सगळी भिस्त याच आकड्यावर असते. मग कुलूप चावीशिवाय उघडतं कसं?

उत्तर कारखान्यातल्या ड्रिल मशीनपाशी आहे. ती पाच भोकं एका सरळ रेषेत पाडायची असतात, पण शंभर टक्के सरळ काही पडत नाहीत. केसाइतका फरक राहतोच; कोणतं भोक किंचित डावीकडे, कोणतं किंचित मोठं. गाभ्याला फिरवण्याच्या दिशेने हलकासा दाब दिला की पाचही पिना एकदम अडत नाहीत. ज्या भोकाचा फरक जास्त, तिथली एकच पिन आधी अडते. बाकीच्या चार सैल असतात, खाली-वर डुलतात. आता बारीक हुकाने चाचपडत ती अडलेली पिन शोधायची आणि हळूहळू वर ढकलायची. तिचा सांधा कडेशी आला की गाभा अगदी जेमतेम सरकतो, बोटाला एक सूक्ष्म 'टक्' जाणवतो, आणि वरची पिन त्या सरकलेल्या कडेवर टेकून राहते. आता दुसरी कुठलीतरी पिन अडते. मग ती.

म्हणजे झालं काय, तर ७,७७६ शक्यता एकदम सोडवायच्या होत्या त्याऐवजी पाच छोटे प्रश्न एकामागून एक सोडवले. प्रत्येकाची जास्तीत जास्त सहा उत्तरं. गुणाकाराची बेरीज झाली, ६ ला ५ ने गुणून फार तर ३० पायऱ्या. कुलूपवाल्यांच्या सगळ्या जगात मला याहून सुंदर गोष्ट माहीत नाही. कुलूप बनवणाऱ्याने गुणाकारावर विसंबायचं आणि धातूने त्याला थोडंसं दगा द्यायचा.

लिव्हरचं कुलूप, आणि व्हिडिओ इथे का चालत नाही

गावच्या घराच्या कोयंड्याला लटकणारं कुलूप मात्र बहुतेक वेळा लिव्हरचं असतं. त्याची चावी वेगळी: गोल दांडा आणि टोकाला झेंड्यासारखी पट्टी, तिला पायऱ्या-पायऱ्यांचे दाते. कुलपाच्या अंगावर '६ लिव्हर', '७ लिव्हर' असं कोरलेलं असतं, आणि तेवढ्या पातळ धातूच्या पट्ट्या आत एकावर एक रचलेल्या असतात. प्रत्येक पट्टीत एक खाच. चावी फिरली की तिचे दाते प्रत्येक पट्टी तिच्या-तिच्या ठरल्या उंचीला उचलतात, सगळ्या खाचा एका ओळीत येतात, आणि त्या फटीतून बोल्टवरची, म्हणजे कुलूप बंद ठेवणाऱ्या सरकत्या दांड्यावरची, खुंटी सरकते. पट्टी कमी उचलली तरी अडतं, जास्त उचलली तरी अडतं. रॉबर्ट बॅरन या इंग्रजाने १७७८ मध्ये ही 'जास्तही नको, कमीही नको' ची युक्ती काढली, आणि आपली कपाटं, तिजोऱ्या, दारांवरची कुलपं अजून तिच्यावर चालली आहेत.

हेही कुलूप चावीशिवाय उघडता येतं आणि तत्त्व तेच, एका वेळी एक पट्टी अडते. पण हत्यार वेगळं लागतं. चावीच्याच आकाराची वाकवलेली जाड तार, एक दाब द्यायला, एक पट्ट्या उचलायला. इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ युरोप-अमेरिकेतले, तिथल्या पिनांच्या कुलपांवरचे. ते बघून मागवलेल्या नाजूक हुकांचा संच इथल्या लिव्हरच्या कुलपात घातला की नुसता खडखडतो. नवशिक्याचा पहिला विरस इथेच होतो.

अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला तेव्हापासून आपल्याकडे कारखान्यातलं कुलूप घरोघर गेलं. त्याशिवाय उत्तर प्रदेशातलं अलीगड आणि तामिळनाडूतलं दिंडिगल ही कुलपांची गावं. दिंडिगलच्या कुलपाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. बाजारात जे स्वस्त बिननावाचं कुलूप मिळतं त्यात पट्ट्या किती खऱ्या आणि किती शोभेच्या, हे ते उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. छंद लागला की माणूस ते उघडून बघतो.

लंडनमधला अमेरिकन

अशी माहिती सगळ्यांना सांगावी का, हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. त्याचं उत्तर १८५१ सालच्या लंडनमध्ये मिळून गेलं आहे. जेरेमाया चब याने १८१८ मध्ये एक लिव्हरचं कुलूप केलं होतं. त्यातली एखादी पट्टी कोणी जास्त उचलली की कुलूप ठप्प होई आणि मालकाला कळे की कोणीतरी हात घातला होता. दुसरं कुलूप जोसेफ ब्रामाचं. त्याच्या पिकाडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत ते कितीतरी वर्षं टांगलेलं होतं आणि खाली पाटी होती, जो उघडील त्याला २०० गिनी. १८५१ च्या भव्य प्रदर्शनासाठी अमेरिकेहून आलेल्या आल्फ्रेड हॉब्जने चबचं कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडून दाखवलं. वर ते पुन्हा बंदही केलं. ब्रामाच्या कुलपाला त्याला सोळा दिवसांत मिळून ५१ तासांच्या आसपास लागले, पण उघडलं. वर्तमानपत्रांत गहजब झाला. चोरांना शिकवणी देता का, वगैरे.

हॉब्जचं म्हणणं सरळ होतं: चोराला हे आधीपासून ठाऊक आहे, अंधारात आहे तो गिऱ्हाईक. पुढे कुलपं सुधारली ती याच फजितीमुळे. आणि आपल्याकडच्या घरफोड्यांच्या बातम्या वाचल्या तर चोर हुक घेऊन पिना चाचपत बसत नाही हेही दिसतं. तो कोयंडा उचकटतो, कटावणी घालतो, मागच्या खिडकीचे गज वाकवतो. आठ लिव्हरचं भारी कुलूप आणि ते ज्या कोयंड्यात अडकवलंय तो अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर, असं दृश्य आपल्या गावात दर दुसऱ्या दाराला दिसेल.

चावीवाला काय करतो

छंद म्हणून हे शिकायचं असेल तर माझा सल्ला असा की इंटरनेटच्या आधी बाजारातल्या चावीवाल्याकडे अर्धा तास उभं राहा. डोक्यावर छत्री, समोर लोखंडी तारेत ओवलेल्या कोऱ्या चाव्या, बाजूला कानशी आणि छोटा व्हाइस. पिनांचं कुलूप आणून दिलं आणि चावी हरवली म्हटलं, तर तो हुक काढत नाही. त्या मापाची कोरी चावी घेतो, कानशीने तिची कड तासून चकचकीत करतो, कुलपात घालतो आणि चिमट्याने धरून डावी-उजवीकडे झटका देतो. मग चावी बाहेर काढून उन्हाकडे तिरकी धरतो. कडेवर सुईच्या टोकाएवढे ठिपके उमटलेले असतात. ठिपका असेल तिथेच कानशीचे दोन फटके मारतो. पुन्हा आत, पुन्हा झटका, पुन्हा उन्हाकडे.

यामागे तेच तत्त्व आहे जे वर सांगितलं. गाभ्याला पीळ दिला की अडलेली पिन मऊ पितळेवर रुतून खूण करते. पिनेचा सांधा कडेशी पोचला की ती सैल होते आणि खूण करायचं थांबवते. म्हणजे ज्या जागी ठिपका येतो तिथे अजून खोल जायचं, ज्या जागी येत नाही तिथे हात थांबवायचा. लिव्हरचं कुलूप असेल तर तो कोरी चावी मेणबत्तीवर धरून काजळी चढवतो आणि पट्ट्यांनी काजळी कुठे पुसली ते वाचतो. दहा-पंधरा मिनिटांत कुलूप नुसतं उघडत नाही, त्याची कायमची चावी तयार होते. युरोपातल्या छंदवाल्यांच्या संमेलनांत याची स्पर्धा घेतात, घड्याळ लावून. आपल्याकडे तोच माणूस रस्त्याच्या कडेला बसलेला असतो आणि आपण त्याच्याशी वीस रुपयांवरून हुज्जत घालतो.

छंद कसा सुरू करावा

जर्मनीत १९९७ मध्ये हौशी कुलूपवाल्यांची संघटना निघाली, नंतर नेदरलँड्समध्ये 'टूल' नावाची. हे लोक याला खेळ मानतात. सगळीकडच्या हौशी लोकांनी दोन नियम मानले आहेत. स्वतःचं नसलेलं कुलूप मालकाच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही. आणि जे कुलूप रोजच्या वापरात आहे त्यावर सराव करायचा नाही, मग ते स्वतःचं का असेना. पहिला नियम सगळ्यांना पटतो, दुसरा कोणी पाळत नाही. पण हुकाने एखादी स्प्रिंग चेपली गेली किंवा गाभा अर्धवट फिरून अडकला, तर रात्री अकरा वाजता तुमच्याच मुख्य दारासमोर तुम्ही आणि सगळं कुटुंब उभं. सरावाचं कुलूप वेगळं घ्या, हातात मावणारं.

सुरुवातीला पारदर्शक प्लास्टिकची कुलपं घेऊ नका, असं मी सांगेन. त्यांतली भोकं इतकी ढिली असतात की ती कशीही उघडतात, आणि आपण कानाने-बोटाने शिकायचं सोडून डोळ्यांनी शिकतो. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातून साधं पितळी पिनांचं कुलूप आणा. हत्यारं दोनच लागतात, गाभ्याला दाब देणारी एल आकाराची पट्टी आणि एक हुक. गाडीच्या जुन्या वायपरमधली स्टीलची पट्टी वाकवून दाबाची पट्टी चांगली होते. दाब मात्र अगदी हलका: पेटीची पट्टी सूर न उमटता नुसती स्पर्शावी, तेवढाच. सगळ्यांचा हात आधी इथेच जड पडतो. जोर जास्त झाला की पाचही पिना एकदम करकचून अडतात आणि कुठली आधी ते कळायचा मार्गच बंद होतो.

थोडे पैसे जास्त घातलेल्या कुलपांत वरच्या पिना सरळ नसतात, मध्ये कमरेशी बारीक केलेल्या असतात. त्या उचलताना गाभा चांगलाच फिरतो, वाटतं उघडलं, पण उघडलेलं नसतं; पिन कमरेत अडकलेली असते. मग दाब किंचित सोडून, गाभ्याला थोडं उलटं जाऊ देत ती पिन पुढे ढकलावी लागते. यश आल्यासारखं वाटल्यावर एक पाऊल मागे घ्यायला बोटांना शिकवणं, हे काम महिनोन् महिने चालतं. ज्यांना यात मजा वाटते त्यांचाच हा छंद. बाकीच्यांनी शब्दकोडी सोडवावीत.

कायद्याचं थोडक्यात. स्वतःच्या कुलपावर घरात बसून सराव करण्यात गैर काही नाही. पण भारतीय न्याय संहितेत घरफोडीच्या व्याख्येत कुलूप तोडून शिरणं जसं येतं तसंच नुसतं उघडून शिरणंही येतं. महाराष्ट्रात रात्रीच्या वेळी घरफोडीची हत्यारं सबळ कारणाशिवाय बाळगणं हा पोलीस कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे, तेव्हा सावंतवाडीला मामाकडे जाताना संच बॅगेत नको. गोव्यातही रात्री साडेअकराला गस्तीवरच्या हवालदाराला 'हा माझा छंद आहे' हे पटवून देण्याची वेळ स्वतःवर आणू नये.

दाराबाहेर अडकल्यावर

आता खरी अडचण. बाहेर अडकलेल्या माणसाने आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: आत कोण आहे, काय चालू आहे? तान्हं मूल, आजारी आजी, गॅसवर ठेवलेलं दूध, यांपैकी काहीही असेल तर छंद, चावीवाला, घरमालक सगळं बाजूला. १०१ वर अग्निशमन दल किंवा ११२. दार तुटलं तर तुटलं.

तसं काही नसेल तर घाई कशाला? आधी बघा की दार नुसतं ओढलं गेलंय की चावीने बंद झालंय. नाईट लॅचची जीभ तिरकी असते, दार ओढलं की स्प्रिंगने आपोआप बसते. चावी आतल्या टेबलावर आणि वाऱ्याने दार बंद, हा सगळ्यांत नेहमीचा प्रकार. सिनेमात एटीएम कार्ड सरकवून हे दार उघडतात. आपल्याकडे ते सहसा जमत नाही, कारण आपली दारं आत उघडतात आणि लाकडी चौकटीला खाच घेतलेली असते. जिभेपर्यंत पोचायला कार्डाला काटकोनात वळावं लागतं. कार्ड मात्र तुटतं.

लहान मुलाने बाथरूमचं बटण आतून दाबलं असेल तर बाहेरच्या मुठीकडे नीट बघा. तिथे बारीक भोक किंवा नाण्याएवढी खाच असते, ती याच कामासाठी. टाचणी सरळ करून किंवा नाणं फिरवून उघडतं. पण मुलाने आतून बोल्ट सरकवला असेल तर जगातला कुठलाही हुक कामाचा नाही, कारण बोल्टला बाहेरून भोकच नसतं. घरात रांगतं-चालतं मूल असेल तर खालचे बोल्ट आजच काढून ठेवा.

भाड्याच्या घरात असाल तर कुलूप घरमालकाचं, म्हणून आधी त्यांना फोन. दुसरी चावी त्यांच्याकडे असतेच. स्कूटरच्या डिकीत चावी टाकून सीट दाबलीत, हा समुद्रकिनाऱ्यावरचा खास प्रकार. भाड्याची गाडी असेल तर तिथेही मालकाला फोन, स्क्रूड्रायव्हर नाही.

चावीवाल्याला बोलावलंत तर पैसे आधी ठरवा. चांगला चावीवाला उलट तुम्हालाच विचारतो, घर तुमचंच कशावरून? आधार, वीजबिल, शेजारच्या काकींची साक्ष. राग मानू नका, न विचारणारा जास्त धोक्याचा. आणि कुलूप बघायच्या आतच 'ड्रिल मारूया बाब' म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. ड्रिल हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

चावी आत मोडली तर उरलेल्या तुकड्याला फिरवायचा प्रयत्न करू नका. गाभा मूळ जागी, म्हणजे चावी आत-बाहेर होते त्या स्थितीत असेल तरच तुकडा निघतो; तिरका असेल तर आधी तो सरळ करावा लागतो. सुताराकडच्या बारीक करवतीचं पातं चावीच्या दात्यांच्या बाजूने सरकवून, तुकड्यात रुतवून बाहेर ओढता येतं. फेविक्विक लावून चिकटवून काढायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. गोंद तुकड्याला लागायच्या आधी पिनांना लागतो आणि शंभर रुपयांचं काम हजारांवर जातं.

पावसाळा, मीठ आणि खोबरेल

गोव्यातल्या बंद दारांची अर्धी दुखणी कुलपाची नसतातच. चावी थोडी फिरते आणि मग अडते, तर दाराकडे बघा. पावसात सागवानसुद्धा फुगतं, दार चौकटीत करकचतं आणि बोल्ट समोरच्या पट्टीच्या भोकाला घासून दाबला जातो. एका हाताने चावी फिरवत दुसऱ्याने दार आपल्याकडे ओढा. नाहीच जमलं तर खांद्याने आत दाबा, वर उचलून बघा. कुठल्यातरी एका दिशेला बोल्टवरचा भार सुटतो. सुताराला बोलावून लगेच रंधा मारून घेऊ नका. एप्रिलमध्ये तेच दार सुकून बोटभर फट पडते.

लटकत्या कुलपाचं शरीर पितळेचं असलं तरी वरची वाकडी दांडी आणि आतल्या स्प्रिंगा पोलादाच्या असतात. किनाऱ्याजवळची हवा खारी, आणि गंज तिथूनच धरतो. त्यात आपण ओततो खोबरेल. त्या दिवशी कुलूप लोण्यासारखं फिरतं, म्हणून सगळ्यांचा त्यावर विश्वास. पण ते तेल पुढे धूळ धरतं, चिकट होतं, थंडीत थिजतं, आणि पिना त्या चिखलात रुतून बसतात. ग्राफाइटची पूड कोरड्या मुलखात उत्तम. इथल्या ओलाव्यात तिचे गोळे होतात. सिलिकॉनचा किंवा टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे वर्षातून दोनदा, एकदा मे अखेरीला आणि एकदा पाऊस सरल्यावर, एवढं पुरतं. आधी गंज सोडवणाऱ्या स्प्रेने कुलूप धुऊन काढा, चावी दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, तिच्यावर येणारा काळा मळ फडक्याला पुसत जा.

म्हणून चतुर्थीच्या दारातल्या काकांनीही तेच करावं. गंज सोडवणारा स्प्रे मारून पंधरा मिनिटं थांबावं, लाकडाच्या ठोकळ्याने कुलपाला हलके टोले द्यावेत, पुन्हा स्प्रे. चावीवर जोर देऊ नये. गंजलेल्या कुलपात चावी मोडायला मनगटाचा एक पीळ पुरतो. घाई असेल तर कुलपापेक्षा कोयंडा कापणं सोपं आणि स्वस्त. पुढच्या पावसाळ्यात कुलपावर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवायची असेल तर वरून टोपीसारखी ठेवा, खालून मोकळी. गच्च बांधलेली पिशवी ओल आतच कोंडते.

डिजिटल कुलूप आणि चावीचा फोटो

वर्षातून दोनदा उघडणाऱ्या फ्लॅटना हल्ली डिजिटल कुलूप बसवतात. सोय छान, पण सेल मालकाची वाट बघत थांबत नाहीत. बऱ्याच कुलपांना बाहेरच्या बाजूला, बहुधा खालच्या कडेला, दोन धातूचे ठिपके किंवा चार्जरचं भोक असतं. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी त्या ठिपक्यांना टेकवून धरली की तेवढ्यापुरतं कुलूप जागं होतं आणि आकडे टाकता येतात. शिवाय बरोबर एक साधी चावीही मिळते. ती लोक त्याच कुलपाच्या खोक्यात ठेवतात आणि खोकं ठेवतात आतल्या कपाटात.

नव्या फ्लॅटची चावी हातात घेऊन काढलेला फोटो स्टेटसला टाकायची पद्धत पडली आहे. खाचांची खोली फोटोतून वाचता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांनी २००८ मध्ये दुरून काढलेल्या फोटोवरून चावीच्या खाचा मोजणारा प्रोग्राम करून दाखवला होता, तेही आजच्या मानाने साध्या कॅमेऱ्यांच्या काळात. फोटो काढायचाच तर चावी मुठीत धरा, नुसतं कडं दिसू दे.

दुसरी चावी कोणाकडे ठेवायची हे आजच ठरवा: शेजारच्या वहिनी, त्याच गावातली बहीण, सोसायटीतला खात्रीचा माणूस. फुलझाडाच्या कुंडीखाली नको, तिथे सगळेच बघतात. आणि चावी देण्याआधी ती त्या कुलपात स्वतः एकदा फिरवून बघा. कॉपीवरून कॉपी काढत गेलं की प्रत्येक वेळी कानशीचा थोडा-थोडा फरक साचतो, आणि चौथ्या पिढीची चावी कुलपात जाते पण फिरत नाही. कंपनीतून आलेली मूळ चावी वापरायची नाही, कपाटात ठेवायची, आणि नवी कॉपी दर वेळी तिच्यावरूनच काढून घ्यायची.